कोरोनातलं मोफत धान्य कार्डाला बांधायला नको होतं

गोदाकाठ:
मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा केंद्राचं धान्य साठवणाऱ्या अन्न महामंडळाकडे बफरच्या, म्हणजे राखीव साठ्याच्या, निकषापेक्षा कितीतरी जास्त साठा होता. २६ मार्चला गरीब कल्याण अन्न योजना जाहीर झाली. माणशी महिना ५ किलो गहू किंवा तांदूळ, कुटुंबामागे १ किलो डाळ, रेशनच्या यादीतल्या ८० कोटी लोकांना मोफत. निर्णय मोठा होता आणि वेळेवर झाला. पण भिवंडीत यंत्रमागावर राबणारा, ज्याचं रेशन कार्ड उत्तर प्रदेशात गावी, त्याने काय खायचं? कार्ड नसलेल्या स्थलांतरितांसाठी धान्य आणि चणे जाहीर व्हायला मे उजाडला. तोवर माणसं लेकरं खांद्यावर घेऊन पायी निघाली होती. पहिले सहा महिने रांगेत येईल त्याला धान्य द्यायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.

हिशेबनीस:
साफ असहमत. नोंद नसेल तर धान्य रेशन दुकानातून थेट काळ्या बाजारात जातं. संसर्गाच्या भीतीने महाराष्ट्रात रेशनच्या यंत्रावर ओळख पटवायला ग्राहकाऐवजी दुकानदाराचा अंगठा चालवून घेतला, तेवढी ढीलही धोक्याची होती. शिवाय तेव्हा मजूर नव्हते, बाजार समित्या बंद पडत होत्या. रब्बीचं पीक हाती येईल याची खात्री कोण देणार होतं? योजनेचं जादा धान्य मधला खंड सोडता डिसेंबर २०२२ पर्यंत मिळालं, ते साठा जपला म्हणूनच.

गोदाकाठ:
एप्रिलची धास्ती समजू शकतो. पण त्या हंगामात गव्हाची सरकारी खरेदी विक्रमी झाली, मध्य प्रदेशाने तर पंजाबलाही मागे टाकलं. जूनमध्ये तरी हात सैल सोडायचा!

केशरीवाली:
आमच्यासारख्यांचं कुणी बोलतच नाही. शहरात प्राधान्य यादीसाठी, म्हणजे रेशनचं धान्य मिळणाऱ्यांच्या यादीसाठी, कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९ हजार. रिक्षा दारात उभी, कमाई शून्य, तरी आम्ही कागदावर बऱ्यापैकी. राज्याने मे-जूनमध्ये त्या यादीबाहेरच्या आमच्या केशरी कार्डावर किलोला ८ रुपयांनी गहू, १२ रुपयांनी तांदूळ दिला, त्याचा खरंच आधार झाला. आणि हिशेबनीस, राज्याने स्वस्त जेवणाची शिवभोजन थाळी १० रुपयांवरून ५ वर आणली, तिथे कार्ड विचारत नव्हते. शिजलेल्या भाताचा काळाबाजार कसा करणार? त्या थाळ्या दसपट वाढवायच्या होत्या.

हिशेबनीस:
थाळीचा मुद्दा मान्य, तिथे चोरीला वाव कमी. पण थाळीने एका माणसाचं एक वेळचं भागतं, घरची चूल पेटत नाही. खरा उपाय म्हणजे गावचं कार्ड मुंबईत चालणं. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना ३१ जुलै २०२१ ची मुदत दिली. हे काम साथीच्या आधी पुरं व्हायला हवं होतं.

गोदाकाठ:
ज्याच्याकडे कार्ड आहे त्याचंच कार्ड मुंबईत चालेल ना? यादीत किती माणसं घ्यायची ती मर्यादा २०११ च्या जनगणनेवर ठरलेली. त्यानंतर जन्मलेली, लग्न होऊन आलेली कितीतरी माणसं बाहेर राहिली. त्यांच्यासाठी तुमच्याकडे काय आहे, ते सांगा.