मदत हवी आहे: लेपर्ड गेको नर की मादी, कसं ओळखायचं?

घरकोंबडा

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ राहतो. ऑफिसातला एक सहकारी देश सोडून जाताना त्याचे दोन लेपर्ड गेको (घरात पाळतात त्या ठिपकेदार पाली) आमच्या लेकीला देऊन गेला. मोठा साधारण दोन वर्षांचा, वजन ६२ ग्रॅम. धाकटा तीनेक महिन्यांचा, वजन १४ ग्रॅम. "दोन्ही माद्या आहेत," असं त्यानं सांगितलं. धाकट्याच्या कागदावर विकणाऱ्यानं 'टेम्परेचर सेक्स्ड फीमेल' असं लिहिलंय. लेकीनं नावं ठेवली शेवंता आणि जाई.

आता शंका अशी की शेवंता अधूनमधून शेपटीचं टोक भराभर थरथरवते, चक्क खडखड आवाज येतो. नेटवर वाचलं की हे नराचं लक्षण. पोटाकडून बघितलं तर मागच्या पायांच्या मधोमध ठिपक्यांची ओळ दिसते. पण जाईलाही तिथं काहीतरी पुसटसं आहे! मग ठिपके बघून ठरवायचं तरी कसं?

दोघी सध्या वेगवेगळ्या पेट्यांत आहेत. माद्याच असतील तर एकत्र ठेवू, असा लेकीचा हट्ट आहे. नाशिकहून आईचा रोज व्हिडिओ कॉल: "पाली हाकलायच्या सोडून पाळताय काय!" पंचांगातलं पल्लीपतन चाळून झालं. पाल माणसाच्या कुठल्या अंगावर पडली तर काय फळ, हे सगळं आहे, पण पडलेली पाल नर की मादी याची पंचांगकर्त्यांना फिकीर नाही.

खवलेकर

ठिपके दोघांनाही असतात, घोळ तिथेच होतो. शेपटीच्या मुळाशी विष्ठेचं आडवं छिद्र असतं. त्याच्या जरा वर, इंग्रजी व्ही अक्षरासारखी खवल्यांची एक ओळ दिसेल. प्रौढ नरात त्या खवल्यांना ठसठशीत भोकं असतात आणि त्यांतून पिवळट मेणासारखा स्राव डोकावतो. मादीत तिथं नुसते उथळ खळगे, मेण नाही.

दुसरी खूण याहून भरवशाची. छिद्राच्या खाली, म्हणजे शेपटीच्या बाजूला, नराला शेजारी शेजारी दोन फुगवटे असतात. त्याची जननेंद्रियं आत दुमडलेली असतात, त्यांचे हे उंचवटे. मादीत तो भाग सपाट. फुगवटा एकाच बाजूला असेल, लाल किंवा कडक वाटत असेल, तर नर-मादीचा विचार बाजूला ठेवून सरपटणारे प्राणी बघणाऱ्या व्हेटकडे जा.

बघायला प्राण्याला उताणं करू नका. पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, डबा उचला आणि खालून मोबाइलनं फोटो काढा. शेपटी धरायची तर मुळीच नाही. तुटते. पुन्हा येते खरी, पण आखूड आणि बोजड, शिवाय तिच्यात साठवलेली चरबी गेली ती गेलीच.

मनीमाऊ

त्या 'टेम्परेचर सेक्स्ड'चा अर्थ काय? जन्मायच्या आधीच ठरवतात?

खवलेकर

हो, अंड्यातच. लेपर्ड गेकोत लिंग अंडं किती उबेत वाढलं यावर ठरतं. २६ अंश सेल्सिअसच्या आसपास जवळजवळ सगळ्या माद्या, साडेबत्तीसच्या आसपास बहुतेक नर, आणि गंमत म्हणजे ३४-३५ला पुन्हा बहुतेक माद्या. पिल्लू बाहेर आल्यावर मात्र तापमानानं काही बदलत नाही. विकणारा उबवणीचं तापमान बघून लेबल लावतो. पण उबवणीच्या पेटीतली ऊब वरखाली झाली, थर्मामीटर चुकला, की लेबल बोंबललं. 'बहुतेक' म्हणजे 'सगळे' नव्हे. म्हणून मी त्या कागदाला अंदाजापलीकडे किंमत देत नाही.

जाईचं आत्ता कुणीच छातीठोक सांगू शकणार नाही. ३०-३५ ग्रॅम होऊ दे. आणि एकत्र ठेवणं माद्या असल्या तरी नको. हे एकलकोंडे प्राणी, सोबतीची त्यांना गरज नसते. मोठा लहान्याला चावतो, खाणं पळवतो. दोन नर असले तर मारामारी ठरलेलीच. नर-मादी असले तर मादी वाढीच्या वयातच अंडी घालायला लागते आणि अंगातलं कॅल्शियम संपून आजारी पडते. मादी नराचं बीज अंगात साठवूनही ठेवते, त्यामुळे दोन दिवस एकत्र ठेवून बघू, हेही नको.

अंगतपंगत

विषय थोडा वेगळा. आमच्या मुंबईच्या फ्लॅटमधल्या पालीही ओळखता येतात! रात्री खिडकीच्या काचेवर बाहेरून चिकटल्या की आतून पोट दिसतं. नराच्या मांड्यांच्या खालच्या बाजूला ठिपक्यांची रांग असते. चष्मा लावून बघा. आणि गेकोंची 'मोर्निंग गेको' नावाची एक जात आहे, तिच्यात जवळजवळ सगळ्या माद्याच असतात. नराशिवाय अंडी, त्यातून पुन्हा माद्या. तिथं हा धागाच निघाला नसता.

घरकोंबडा

सर्वांचे आभार. डब्यातून फोटो काढला, खाली जोडलाय. पिवळे मेणाचे टिपके स्पष्ट आहेत आणि खाली दोन फुगवटेही. म्हणजे शेवंता नरच ना? लेक नाव बदलायला तयार नाही. जाईचं वजन दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर करतोय, पेट्या वेगळ्याच राहतील.

खवलेकर

शंभर टक्के नर. नाव राहू द्या, त्याला काय कळतंय. काटा मात्र वेगळा आणा. या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, त्यामुळे कणीक मोजायच्या काट्यावर गेको नको. हाताळल्यावर लेकीला साबणानं हात धुवायला लावा. जाई तिशीला पोचली की तिचाही असाच फोटो टाका.