ब्लॅकजॅकमध्ये हरल्यावर पैज दुप्पट करत गेल्यास कॅसिनोवर मात करता येते का?

घोडबंदरकर:
आमच्या सोसायटीतील काही मित्र डिसेंबरमध्ये ठाण्याहून कोकणकन्येने गोव्याला जाणार असून, एक संध्याकाळ मांडवीतील कॅसिनोच्या बोटीवर घालवण्याचे ठरले आहे. त्यांतील एकाने, जो एरवी सोसायटीचा जमाखर्च चोख ठेवतो, ब्लॅकजॅकसाठी (कॅसिनोतर्फे पत्ते वाटणाऱ्या डीलरविरुद्धचा पत्त्यांचा खेळ; पत्त्यांचे गुण २१ च्या जवळ न्यायचे, पण ओलांडायचे नाहीत) एक्सेलमध्ये तक्ता तयार केला आहे. पहिली पैज ५०० रुपयांची, हरल्यास पुढची दुप्पट, आणि जिंकताच पुन्हा ५०० वर यायचे. कधी ना कधी एक डाव जिंकणारच, आणि तो जिंकला की मागचे सारे वसूल होऊन वर ५०० रुपये सुटतील, असे त्याचे म्हणणे आहे. तक्त्यात हजार डाव चालवून दाखवले की फायद्याची रेघ वर चढत जाते, आणि त्या रेघेच्या भरवशावर प्रत्येकाने वर्गणी काढावी असा त्याचा आग्रह आहे. हिशेबात मला कुठे खोट दिसत नाही, पण हे इतके सोपे असते तर त्या बोटी केव्हाच बंद पडल्या असत्या. जाणकारांनी कृपया खुलासा करावा. जुगार खेळावा की नाही, याची चर्चा नको. प्रश्न केवळ गणिताचा आहे.

वाशीकर_सांख्यिकी:
तक्ता न पाहताच सांगतो की त्यात दोन रकाने नसणार: टेबलाची कमाल मर्यादा आणि खिशातील रक्कम. या पद्धतीला मार्टिंगेल म्हणतात आणि ती अठराव्या शतकातील फ्रान्सपासून चालत आलेली आहे, त्यामुळे कॅसिनोवाल्यांना ती ठाऊक नसेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

समजा टेबलावर किमान पैज ५०० आणि कमाल ५०,००० रुपये आहे. ५००, १,०००, २,०००, ४,०००, ८,०००, १६,०००, ३२,००० अशा सात पैजा ओळीने हरल्या, तर ६३,५०० रुपये गेले आणि आठवी, ६४,००० ची पैज टेबल स्वीकारणारच नाही. ब्लॅकजॅक बाजूला ठेवून अगदी समसमान नाणेफेक धरली, तरी सात वेळा ओळीने हरण्याची शक्यता १२८ मध्ये १ आहे. ५०० पासून एक डाव जिंकेपर्यंत किंवा सातही पैजा हरेपर्यंतच्या डावांना एक मालिका म्हणू. म्हणजे १२८ मालिकांपैकी सरासरी १२७ मालिकांत ५०० रुपये मिळतील आणि एका मालिकेत ६३,५०० जातील. आता १२७ ला ५०० ने गुणून पाहावे. उत्तर बरोबर ६३,५०० येते. नाणेफेकीत ही पद्धत कमावत नाही आणि गमावतही नाही.

ब्लॅकजॅक मात्र नाणेफेकीइतका समसमान नाही. शंभर डावांपैकी साधारण ४३ खेळाडू जिंकतो, ४९ हरतो आणि ८ बरोबरीत सुटतात. ब्लॅकजॅक लागल्यास (पहिल्या दोन पत्त्यांतच एक्का आणि दहा गुणांचा पत्ता आल्यास) मिळणारी दीडपट रक्कम, आणि पत्ते अनुकूल असताना पैज वाढवण्याची मुभा, यांमुळे ही तूट बरीच भरून निघते; नियम चांगले असतील आणि खेळाडू प्रत्येक डाव बिनचूक खेळत असेल, तर हाउस एज, म्हणजे पैजेच्या रकमेतून सरासरी कॅसिनोकडे जाणारा वाटा, अर्ध्या टक्क्याच्या आसपास उरतो. हा दर पैजेच्या आकाराप्रमाणे बदलत नाही, आणि मागचा डाव हरलो होतो की जिंकलो होतो यावरही तो म्हणण्यासारखा हलत नाही. ५०० च्या पैजेवर सरासरी अडीच रुपये जातात, ३२,००० च्या पैजेवर १६० जातात. ऋण संख्या कोणत्याही क्रमाने मांडल्या तरी त्यांची बेरीज धन होत नाही, आणि पैजांच्या सगळ्या पद्धती केवळ तो क्रमच बदलत असतात.

उलट मार्टिंगेलमध्ये तोटा वाढतो. वरच्या उदाहरणात एका मालिकेत सरासरी ३,५०० रुपये टेबलावर लागतात आणि मालिका सरासरी दोनेक निकाली डावांत संपते. म्हणजे दर डावाला साधारण १,७५० रुपये, सपाट ५०० लावणाऱ्याच्या साडेतीनपट. कॅसिनो आपला अर्धा टक्का त्या साडेतीनपट रकमेवर घेतो.

ऐरोलीचा_पत्तेबाज:
गणित मान्य आहे, पण प्रत्यक्षात खेळणाऱ्यांचा अनुभव निराळा असतो. माझे मेहुणे आणि मी ‘दहा हजार सुटले की उठायचे’ असा दंडक पाळून हीच पद्धत खेळलो आहोत आणि बहुतेक वेळा नफ्यात उठलो आहोत. गणितवाले नेहमी अनंत डावांच्या गोष्टी करतात. अनंत डाव खेळायला वेळ कोणाला आहे?

वाशीकर_सांख्यिकी:
आपला अनुभव खराच असणार, कारण ही पद्धत नेमके तेच देते. दहा हजार सुटण्यासाठी वीस मालिका निभावून न्याव्या लागतात, आणि नाणेफेक धरल्यास त्या निभावण्याची शक्यता सुमारे ८५ टक्के आहे. सातांपैकी सहा संध्याकाळी मंडळी हसतमुखाने जेवायला जातील. सातव्या संध्याकाळी ६३,५०० जातील, त्यातून तोवर जिंकलेले चार-पाच हजार वजा. यात अनंत कुठेच नाही, सगळा हिशेब वीस मालिकांचा आहे. उठण्याच्या दंडकाने त्या संध्याकाळपुरता खेळ थांबतो एवढेच. आपण पुढच्या खेपेस पुन्हा बसता तेव्हा मालिका जिथे थांबली होती तिथूनच पुढे चालू झाली असे हिशेबापुरते समजावे. सहा संध्याकाळींचे किस्से लग्नकार्यात सांगितले जातात आणि सातवीबद्दल घरीसुद्धा कोणी बोलत नाही, म्हणून ऐकीव पुरावा नेहमी या पद्धतीच्या बाजूने जमा होतो.

खारघर_सेक्टर_बारा:
वाशीकरांशी सहमत आहे. एक भर घालतो. ब्लॅकजॅकमध्ये कॅसिनोवर मात करता येते हे सिद्ध झालेले आहे, मात्र पैजा चढवण्याच्या पद्धतीने नव्हे. १९५६ मध्ये अमेरिकी सैन्यातील चौघांनी साध्या टेबलावरच्या गणनयंत्रांवर प्रत्येक डाव कसा खेळावा याचे कोष्टक काढले. पुढे गणितज्ञ एडवर्ड थॉर्प यांनी एमआयटीतील आयबीएम ७०४ संगणकावर हिशेब करून १९६२ मध्ये दाखवले की वाटले गेलेले पत्ते परत कॅटात येत नाहीत, त्यामुळे उरलेल्या पत्त्यांत एक्के आणि दशमे (दहा गुणांचे पत्ते) जास्त असतील तेव्हा बाजू खेळाडूकडे झुकते. त्या वेळी पैज वाढवायची, एरवी किमान ठेवायची. इथे पैज वाढते ती पत्त्यांविषयीच्या माहितीवरून, हरलो म्हणून नव्हे. अर्थात पत्ते सतत पिसणारे यंत्र टेबलावर असेल तर ही माहितीही हाती लागत नाही, आणि मिळालाच तरी तो फायदा एखाद्या टक्क्याचा असतो.

आपल्या मित्रमंडळींना त्यापेक्षा उपयोगी पडेल ती गोष्ट टेबलावरच्या कापडावर छापलेली असते. ब्लॅकजॅकला ३:२ देतात की ६:५, हे बसण्यापूर्वी वाचावे. ५०० च्या पैजेवर पहिल्यात ७५० मिळतात आणि दुसऱ्यात ६००. ब्लॅकजॅक साधारण २१ डावांत एकदा लागतो, त्यामुळे एवढ्या एका फरकाने हाउस एज जवळजवळ १.४ टक्क्यांनी वाढतो. डीलरचा एक्का दिसल्यावर विचारला जाणारा इन्शुरन्स (डीलरला ब्लॅकजॅक लागेल यावरची वेगळी पैज) घेऊ नये. आठची जोडी आल्यास ती फोडून दोन वेगळे हात खेळावेत. हे पाठ करायला कोकणकन्येतला वेळ पुरेल. (महाराष्ट्राने १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला, नाहीतर ही चर्चा बहुधा गोव्याऐवजी घोडबंदर रस्त्यावरच्या टेबलांची झाली असती.)

घोडबंदरकर:
सर्वांचे आभार. तक्ता पुन्हा उघडून पाहिला. वाशीकरांनी सांगितलेले दोन्ही रकाने त्यात नाहीत. एका ठिकाणी नऊ डाव ओळीने हरल्याची नोंद आहे; तिथे २,५५,५०० रुपये गमावल्यावर तक्ता निमूटपणे २,५६,००० ची दहावी पैज लावतो, जिंकतो, आणि फायद्याच्या रकान्यात ५०० जमा करतो. हे दाखवल्यावर मित्राने पद्धत उलटी केली आहे: आता जिंकल्यावर दुप्पट, हरल्यावर पुन्हा ५००. यात मोठी रक्कम अडकत नाही, म्हणून ही तरी चालेल का? वर्गणी ६३,५०० चीच जमवायची असे त्याचे म्हणणे आहे.

वाशीकर_सांख्यिकी:
हिला पारोली म्हणतात. ती मार्टिंगेलचे उलटे चित्र आहे: वारंवार लहान तोटे आणि क्वचित एक मोठी कमाई. दर तोच राहतो, पण खिसा एका फटक्यात रिकामा होत नाही, त्यामुळे करमणूक म्हणून ती मला अधिक बरी वाटते. तीन विजयांनंतर मूळ पैजेवर परत यावे, म्हणजे वाढ हाताबाहेर जात नाही.

वर्गणीबाबत मात्र एक अडचण मूळ योजनेतही होती आणि ती अजून कोणी मांडलेली नाही. ब्लॅकजॅकमध्ये हातात ११ गुण आणि डीलरचा उघडा पत्ता ६ असेल तर त्याच डावातली पैज दुप्पट करायची असते, आणि जोडी फोडताना तेवढीच रक्कम पुन्हा ठेवावी लागते. अर्ध्या टक्क्याचा हिशेब या दोन्ही गोष्टी दर वेळी केल्या जातील असे धरूनच मांडलेला आहे. सातव्या पैजेचे ३२,००० टेबलावर ठेवल्यावर ६३,५०० ची वर्गणी संपलेली असते, मग ११ वर दुप्पट करायला आणखी ३२,००० कोणाच्या खिशातून येणार? संधी सोडली तर नेमक्या सर्वांत मोठ्या पैजेवर हाउस एज वाढतो. पारोलीत वाढीव रक्कम जिंकलेल्या पैशांतूनच येते, तरी फोडण्यासाठी आणि दुप्पट करण्यासाठी चालू पैजेइतके पैसे हाताशी हवेतच. ५०० च्या सुरुवातीला तीन विजयांचा टप्पा धरल्यास सर्वांत मोठी पैज २,००० ची होते. त्या हिशेबाने एका संध्याकाळीसाठी एकूण पंधरा हजार पुरतील, आणि बाकीचे ज्याचे त्याने घरी ठेवावेत.