नाटकाची संहिता आधी सरकारला का दाखवायची?

विंगेतला उंदीर (धागाकर्ता)

दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावर कॉलेजातल्या एकांकिकेची प्रत सापडली. झेरॉक्स, कडा पिवळ्या, समासात लाइटच्या खुणा, चहाचे डाग. तिसऱ्या पानावर एका वाक्यावर निळ्या बॉलपेनने रेघा मारलेल्या, इतक्या दाबून की कागद फाटलाय. रेघा मीच मारल्या होत्या. स्पर्धेच्या अर्जाबरोबर सेन्सॉर नंबर द्यायचा होता, तारीख तोंडावर आलेली. म्हटलं, उगाच कशाला विषाची परीक्षा. कुणी धमकावलं नव्हतं, कुणी साधं सुचवलंही नव्हतं.

ज्यांचा नाटकाशी संबंध फक्त तिकिटापुरता आहे त्यांच्यासाठी सांगतो. महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. (हे नाव एका दमात म्हणणाऱ्याला माझ्याकडून वडापाव. आम्ही सगळे नुसतं 'सेन्सॉर' म्हणतो.) मंडळ वाचतं, हवं तर शब्द गाळायला लावतं, मग प्रमाणपत्र. याचा आधार 1951 च्या मुंबई पोलीस कायद्यातलं कलम 33. म्हणजे मिरवणुका आणि लाउडस्पीकर ज्या पंगतीत बसतात त्याच पंगतीत आपलं नाटक.

मुळात ही सवय साहेबाची. 1875-76 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स कलकत्त्याला आला, तिथल्या एका बड्या वकिलाने त्याला घरात नेऊन बायकांकडून स्वागत करवलं, त्यावर बंगाली रंगभूमीने प्रहसन केलं. सरकार चिडलं, आधी वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी, 1876 ला, नाट्यप्रयोग नियंत्रणाचा कायदा आणला. तो कायदा केंद्राने 2018 च्या सुरुवातीला एकदाचा रद्द केला. आपलं मंडळ मात्र पोलीस कायद्यावर उभं असल्यामुळे जिथल्या तिथे.

आज कुणीही मोबाइलसमोर उभं राहून वाट्टेल ते बोलतो आणि रात्रीत लाखभर लोक बघतात, त्याला आधी कुणी विचारत नाही. तीनशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये तेच बोलायला शिक्का लागतो. माझं म्हणणं एवढंच: ही आधीची तपासणी बंद करा. प्रयोगात गुन्हा घडला तर खटला भरायला कायदे भरपूर आहेत.

बुकिंग क्लार्कचा भाचा

कुठलं वाक्य ते सांगा की आधी!

दौऱ्यावरचा मॅनेजर

असहमत. सव्वीस वर्षं व्यावसायिक नाटकांचे दौरे करतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

एका जिल्ह्याच्या गावी रात्री साडेनऊचा प्रयोग. दुपारी चारला सेट लागतोय आणि दारात वीस-पंचवीस पोरं. आमच्या दैवताचा अपमान आहे म्हणे नाटकात. नाटक त्यातल्या एकानेही पाहिलेलं नव्हतं. फौजदार आले. त्यांनाही नाटकाशी देणंघेणं नाही, त्यांना संध्याकाळ शांततेत जायला हवी. मी बॅग उघडली, शिक्क्याची संहिता काढली, पानन् पान दाखवलं. साहेब पोरांकडे वळून म्हणाले, "सरकारने पास केलंय, चला बाजूला व्हा." नऊ चाळीसला तिसरी घंटा दिली.

शिक्का नसता तर हेच साहेब मला म्हणाले असते, "आजचा दिवस राहू द्या ना मालक." मग हॉलचं भाडं, बसचं डिझेल, लाइटवाल्याची आणि बॅकस्टेजच्या पोरांची नाइट कुणी द्यायची? धागाकर्त्याने की स्वातंत्र्याने? तुम्हाला ती कात्री दिसते. मी तिच्या आड उभा राहून पंचवीस-तीस प्रयोग वाचवलेत.

काळा कोट

मॅनेजरसाहेब, त्या फौजदाराने जे केलं ते त्याचं कामच होतं, शिक्का असो वा नसो. 1989 मध्ये रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. तो वाद चित्रपटाचा होता, पण तत्त्व तेच: लोक दंगा करतील अशी धमकी आहे म्हणून राज्य अभिव्यक्ती रोखू शकत नाही, बंदोबस्त ठेवणं हे राज्याचं कर्तव्य.

आणि ढाल म्हणताय, तर ढालीचा इतिहास बघा. 'सखाराम बाइंडर' 1972 ला रंगमंचावर आलं, तेरा प्रयोग झाले आणि अडवलं गेलं. दिग्दर्शक कमलाकर सारंगांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. 'मी नथुराम गोडसे बोलतोय' हे नाटक मला अजिबात पटत नाही, पण 1998 ला त्याचे प्रयोग सुरू झालेले होते, म्हणजे शिक्का होताच. तरी सरकारने बंदी घातली आणि 2001 मध्ये ती उच्च न्यायालयाने उठवली. दोन्ही वेळा नाटक वाचवलं कोर्टाने.

1876 चा कायदा तर अलाहाबाद उच्च न्यायालयाने 1956 मध्येच घटनाबाह्य ठरवला होता. प्रकरण काय, तर प्रेमचंदांच्या 'ईदगाह' कथेवर इप्टा या नाट्यसंस्थेने लखनौला केलेला प्रयोग! ईदच्या जत्रेत आजीसाठी चिमटा घेणाऱ्या पोराची गोष्ट. तमिळनाडूचा तसाच कायदा मद्रास उच्च न्यायालयाने 2013 ला मोडीत काढला. आपल्याकडे अमोल पालेकरांनी 2016 मध्ये या पूर्वतपासणीला आव्हान देणारी याचिका केली.

दौऱ्यावरचा मॅनेजर

निकाल उत्तम आहेत वकीलसाहेब. पण दुपारी चार वाजता गेटवर निकाल वाचून दाखवायचा का? कोर्ट न्याय देतं, प्रयोगाची तारीख परत देत नाही. तुम्ही दोन गाजलेली नाटकं सांगितलीत. ज्यांना काहीच झालं नाही अशा नाटकांची नावं कुणाच्या लक्षात राहतात?

आणि तुम्हीच एक निकाल गाळलात. के. ए. अब्बास यांच्या खटल्यात 1970 ला सर्वोच्च न्यायालयानेच चित्रपटाची आधी तपासणी योग्य ठरवली आहे.

काळा कोट

गाळला नाही, तुम्ही काढायची वाट बघत होतो. तिथे न्यायालयाचा मुद्दा असा होता की चित्रपटाचा परिणाम इतर कलांपेक्षा जास्त खोल, म्हणून त्याला वेगळी वागणूक चालेल. तोच निकष लावला तर नाटक सुटायला हवं. मात्र 1970 चा तो युक्तिवाद आजच्या मोबाइलच्या काळात कितपत टिकतो, याची मला स्वतःलाच शंका आहे.

तिसरी रांग, कडेची खुर्ची

मला दोन्ही बाजूंचं आश्चर्य वाटतं. "नंतर खटला भरा" हे धागाकर्ता किती सहज लिहून गेला! आमच्या समाजातल्या बायकांवर, त्यांच्या बोलण्यावर, त्यांच्या कामावर एका फार्समध्ये पाऊण मिनिटाचा विनोद होता. आईबरोबर गेले होते. आजूबाजूचं अख्खं थिएटर हसत होतं. आई पर्समध्ये काहीतरी शोधत बसली, मध्यंतरापर्यंत. मी कोर्टात जाऊ? कुठल्या सुट्टीत? स्टेजवर उभं राहायला ज्यांना आत्ता कुठे जागा मिळते आहे, त्यांना तुमचं अमर्याद स्वातंत्र्य म्हणजे फक्त वरच्यांच्या हातातला माइक वाटू शकतो. आधी कुणीतरी वाचत असेल तर वाचू दे, असं मला त्या दिवशी वाटलं. अजूनही थोडं वाटतं.

विंगेतला उंदीर (धागाकर्ता)

ताई, याला माझ्याकडे चपखल उत्तर नाही. "अमर्याद" मी म्हटलं नव्हतं, पण "खटला भरा" हे मी घाईत लिहिलं, मान्य.

तरी एक विचारतो. तो फार्स तपासूनच आला होता ना? जाडी बाई, तोतरा नोकर, काळी मुलगी, खेडवळ भाषा, हे सगळं वर्षानुवर्षं शिक्का घेऊनच आपल्यासमोर येतंय. वाचणाऱ्यालाही ते विनोदीच वाटतं, म्हणून तर ते पास होतं.

तिसरी रांग, कडेची खुर्ची

म्हणजे वाचणारी माणसं बदला. वाचणंच बंद करा हे त्यातून निघत नाही.

फडावरचा

तुमचं सगळं कागदावरच्या नाटकाचं चाललंय. आमच्या आजोबांचा तमाशाचा फड होता. बतावणी, म्हणजे तमाशातले ते विनोदी संवाद, कधी कुणी लिहून काढलीय का? सोंगाड्या गावात उतरला की पहिल्यांदा चहाच्या टपरीवर जायचा. सरपंच कोण, दूध सोसायटीत काय घोळ झाला, कुणाची म्हैस कुणाच्या उसात शिरली, ते सगळं रात्री स्टेजवर. मग कागदावर द्यायचं काय? एक सोज्वळ संहिता. राजा, प्रधान, हवालदार, शेवट गोड.

वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' आठवा. दादा कोंडके त्या दिवशीच्या पेपरातलं काढायचे आणि लोक त्याचसाठी परत परत यायचे. ते कुठल्या मंडळाने वाचणार होतं? संहिता पास होते, प्रयोग पास होतच नाही. मग या कागदाला अर्थ काय?

दौऱ्यावरचा मॅनेजर

अर्थ असा की ढाल आपल्याला आणि पळवाटही आपल्यालाच. :) इतकी सोयीची व्यवस्था कशाला मोडता?

पणजीची पाटी

गोव्यातून लिहितो. आमच्या तियात्रात, म्हणजे कोकणी नाटकात, पडद्यापुढे येऊन कांतार (गाणी) म्हणतात, त्यात मंत्र्यांना नाव घेऊन सोलतात. मंत्री कधीकधी पहिल्या रांगेत असतो आणि टाळ्या द्याव्याच लागतात बिचाऱ्याला. चिडणारे चिडतात, नाही असं नाही. पण आभाळ कोसळलेलं नाही.

जुन्या वहीतला

बंधनाने नुकसानच होतं असं नाही. खाडिलकरांचं 'कीचकवध' बंधनातूनच आलं ना? 1907 साली कर्झनचं नाव घेता येत नव्हतं, म्हणून कीचक आला, द्रौपदी म्हणजे देश, धर्मराज म्हणजे मवाळ, भीम म्हणजे जहाल. मोकळीक असती तर एक भाषण झालं असतं, नाटक झालं नसतं. आज सगळं मोकळं बोलता येतं, म्हणून रूपक लिहिण्याची ताकदच गेली आपली.

फडावरचा

अहो, 1910 ला बंदी आलीच ना त्यावर? पिटातल्या माणसाला पहिल्या रात्री जे कळलं ते साहेबाला कळायला तीन वर्षं लागली, एवढंच. खाडिलकर प्रतिभावान होते म्हणून ते नाटक झालं. साहेबाला कसलं श्रेय देताय? उद्या म्हणाल, दुष्काळामुळे आमच्या बायका बारीक राहिल्या.

जुन्या वहीतला

शेवटचं वाक्य आवडलं नाही, पण मुद्दा पोचला.

लंडनची लोकल

ज्यांनी आपल्याला हे शिकवलं त्यांचं सांगते. इथे 1737 पासून लॉर्ड चेंबरलेन नावाचा राजवाड्यातला अधिकारी नाटकं वाचून परवाने द्यायचा. लोक नाटकमंडळीचे खासगी क्लब काढायचे, सभासद झालं की बिनपरवान्याचं नाटक बघता यायचं. 1968 ला कायदा करून ते संपवलं. त्यानंतर इथली रंगभूमी बिघडली असं म्हणणारे भेटतात, पण ते सहसा तिकिटाच्या दराबद्दल बोलत असतात.

प्रॉम्प्टर

सगळे सरकारवर घसरलेत, म्हणून आतली गोष्ट काढतो. 'घाशीराम कोतवाल' डिसेंबर 1972 ला पुण्यात उभं राहिलं आणि एकोणीस प्रयोगांनंतर थांबलं. थांबवलं सरकारने नाही, नाटक करणाऱ्या संस्थेनेच. बाहेर ओरड झाली, नाना फडणवीसांची बदनामी म्हणून, आणि आतली ज्येष्ठ मंडळी कचरली. कलावंत बाहेर पडले, त्यांनी थिएटर अकॅडमी काढली आणि मग ते नाटक 1980 ला युरोपात गेलं. तेव्हाही जाऊ नये म्हणून केवढा गदारोळ!

तेव्हा मंडळ उद्या बरखास्त करा, मला आनंदच आहे. पण मग हॉल देणारा विचारेल, "वादाचं नाही ना काही?" प्रायोजक विचारेल. कॉलेजचे सर विचारतील. त्यांच्याविरुद्ध याचिका कुठे करणार? मंडळाकडून निदान लेखी उत्तर मागता येतं. हॉलवाला फक्त "तारीख शिल्लक नाही" म्हणतो. (त्याच तारखेला मग तिथे साड्यांचं प्रदर्शन असतं.)

काळा कोट

हा या धाग्यातला सगळ्यात अडचणीचा प्रतिसाद आहे. मात्र पूर्वतपासणीनेच या सगळ्यांना विचारायची सवय लावली, असं माझं मत. सरकारच आधी विचारतं म्हटल्यावर हॉलवाल्यालाही वाटतं, आपणही विचारावं.

दौऱ्यावरचा मॅनेजर

उलट आहे. आज हॉलवाला विचारतो, "सेन्सॉर आहे का?" आहे म्हटलं की गप्प बसतो. शिक्का काढलात की तो स्वतः संहिता मागेल. आणि तो मंडळापेक्षा वाईट वाचक आहे, माझ्यावर विश्वास ठेवा.

ऐच्छिक करा हवं तर. ज्याला शिक्का हवा त्याने घ्यावा, ज्याला नको त्याने तसंच जावं. इथपर्यंत मी यायला तयार आहे.

प्रॉम्प्टर

ऐच्छिक केलं की महिन्याभरात प्रत्येक हॉलच्या अर्जावर "प्रमाणपत्र असल्यास जोडावे" छापून येईल आणि पुढच्या वर्षी त्यातलं "असल्यास" गळेल. आपल्याकडे ऐच्छिक म्हणजे काय ते आधार कार्डाच्या वेळी पाहिलंय.

बुकिंग क्लार्कचा भाचा

सगळं वाचलं. ते वाक्य अजून आलं नाही.

विंगेतला उंदीर (धागाकर्ता)

बरं. एकांकिका दुष्काळावरची होती. गावात टँकर येतो, म्हातारी हंडा घेऊन रांगेत उभी असते आणि म्हणते: "गावाला पाणी लागतं, पाण्याला टँकर लागतो, अन् टँकरला आमदाराचा मेहुणा लागतो."

दौऱ्यावरचा मॅनेजर

हे? अहो, हे मंडळाने कधीच कापलं नसतं. असली वाक्यं ढिगाने पास झालीत.

विंगेतला उंदीर (धागाकर्ता)

असेलही. मी एकोणीस वर्षांचा होतो, मला कुठे ठाऊक होतं? प्रयोगात म्हातारी नुसती "गावाला पाणी लागतं" म्हणाली आणि थांबली. परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं, संवाद अर्धवट वाटतो.

फडावरचा

मेहुणा नको, साडू करा. साडूला गावाकडे जास्त हशा येतो.