बसथांब्यावर कारंजे हवे की सावली?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर):
आमच्या भागातील शहर बसच्या थांब्यावर पत्र्याचे छत आहे. परंतु दुपारी तीननंतर ऊन थेट बाकावर येते, वरचा पत्रा तापलेला असतो आणि बाजारहाट करून आलेल्या वयस्कर बायका शेजारच्या दुकानाच्या वळचणीला उभ्या राहतात. आता तेथे शोभेचे कारंजे करण्याची चर्चा सुरू आहे. त्याने खरोखर गारवा मिळेल का?

उत्तर १:
मिळेल, पण फार थोडा. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते, हे खरे. मात्र त्यासाठी हवा कोरडी हवी. एप्रिलच्या दुपारी उपयोग होईल, वळीव सुरू झाल्यावर नुसता दमटपणा वाढेल. शिवाय जाड धारेचे बहुतेक पाणी हौदातच परत पडते. गारवा देतात ते बारीक तुषार, आणि ते श्वासावाटे आत जात असल्यामुळे त्यांना साठवलेले पाणी मुळीच वापरू नये.

उत्तर २:
माझ्या मते आधी छत सुधारावे. कोल्हापुरात मेच्या सुरुवातीला भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा भिंतीची सावली पडतच नाही, छतच उपयोगी पडते. आणि दिवस कलला की ऊन पश्चिमेकडून छताखाली शिरते, म्हणून त्या बाजूला जाळी किंवा वेल हवी. तापलेला पत्रा खालच्या माणसांवर उष्णता फेकत राहतो. त्याच्या खाली वीतभर मोकळी जागा सोडून बांबूच्या तट्ट्या लावल्या, तर मधून वारा खेळतो आणि ती झळ पुष्कळ अडते. स्पेनमधील सेव्हिल शहरात उन्हाळ्यात अरुंद गल्ल्यांवर कापड ताणतात. महाद्वार रोडवर हे करून पाहण्याजोगे आहे, फक्त अंबाबाईच्या रथोत्सवाला आणि पावसाआधी ते गुंडाळता आले पाहिजे. करंज किंवा चिंच मात्र आजच लावावी, कारण तिची सावली मिळायला बरीच वर्षे जातात.

उत्तर ३:
ताई, कारंज्याऐवजी पाणपोई मागावी. कळंबा तलावाचे पाणी पेठांपर्यंत आणणाऱ्या आपल्या शहरात मंगळवार पेठेतील ‘पाण्याचा खजिना’ हा जुना पाणीसाठा आजही त्याच नावाने ओळखला जातो, मग थांब्यावर तहानलेल्या माणसाला बाटली विकत का घ्यावी लागावी? ओले फडके गुंडाळलेला रांजण सावलीत ठेवला, तर पाणी विजेशिवाय गार राहते. रोज घासून भरण्याची जबाबदारी कोणाची, एवढे मात्र अर्जातच लिहून घ्यावे.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. अर्जात पश्चिमेची जाळी आणि रांजण या दोन मागण्या प्रथम घालते. कारंज्याचा खर्च त्यांकडे वळवावा, असेही स्पष्ट लिहिते.