मदत हवी आहे : तीन क्लाउडसाठी एकच बिल्डर, पण सक्तीची फील्ड कुठे तपासायची?

जावा 17 मध्ये अॅमेझॉनचं एस-3, मायक्रोसॉफ्टचं अझुर ब्लॉब आणि गूगल क्लाउड स्टोरेज या फाइल साठवणाऱ्या सेवांमधून फाइल्स उचलणाऱ्या कनेक्टरचं कॉन्फिगरेशन बिल्डरने (एकेका मेथडने मूल्यं देत जायची आणि शेवटी बिल्ड मेथडने ऑब्जेक्ट बनवायचा, अशी पद्धत) बनवतोय. टाइमआउट, रीट्राय, बॅच साइझ तिन्हींना समान, म्हणून ते बेस बिल्डरमध्ये आहेत.

बेसची मेथड बेस टाइपच परत द्यायची, त्यामुळे टाइमआउट दिल्यावर पुढे त्या-त्या क्लाउडच्या बिल्डरमधली मेथड, उदाहरणार्थ रीजनची, दिसेनाशी व्हायची. स्वतःचाच टाइप पॅरामीटर घेणारा जेनेरिक बेस आणि अॅब्स्ट्रॅक्ट सेल्फ मेथड वापरून ते सुटलं.

अडलंय ऑथेंटिकेशनवर. एस-3 ला रोल किंवा अॅक्सेस की, दोन्हींपैकी एकच; अझुरला कनेक्शन स्ट्रिंग, नाहीतर एंडपॉइंट आणि क्रेडेन्शियल. हे नियम बिल्ड मेथडमध्ये तपासले तर इफ-एल्सचं जंगल होतं आणि चूक रनटाइमलाच कळते. स्टेप बिल्डर (आधीची पायरी भरल्यावरच पुढची मेथड दिसू देणारा) करून पाहिला. प्रत्येक पर्यायाला वेगळा इंटरफेस लागतो, वर इनहेरिटन्स आलं की जेनेरिक्स वाचवत नाहीत.

लॉम्बॉक (बिल्डरसारखा कोड आपोआप बनवणारी लायब्ररी) वापरता येत नाही, आणि ‘दोन्हींपैकी एकच’ असले नियम तेही आपणहून तपासत नाही. निम्मी कॉन्फिगरेशन्स यॅमल फाइलमधून येतात, तिथे कंपाइल टाइमच्या तपासणीचा उपयोग शून्य. पासवर्ड आणि की लॉगमध्ये उमटू नयेत, हेही हवंच.

सध्या कल इकडे आहे : ऑथेंटिकेशनचा सील्ड इंटरफेस (ठरवून दिलेल्या प्रकारांनाच मुभा देणारा), प्रत्येक प्रकाराचं स्वतंत्र रेकॉर्ड (फक्त डेटा धरणारा छोटा क्लास), तपासणी त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये, आणि बिल्डरला तयार ऑब्जेक्ट द्यायचा. पण रेकॉर्डची आयती टू-स्ट्रिंग (ऑब्जेक्टचा मजकूर करून देणारी मेथड) सगळी मूल्यं छापते, ती प्रत्येक ठिकाणी ओव्हरराइड करावी लागेल.

असं प्रॉडक्शनमध्ये कुणी चालवलंय का? आणि मग बेस बिल्डर ठेवायचा, की समान सेटिंग्जचाही वेगळा ऑब्जेक्ट करून इनहेरिटन्सच काढून टाकायचं?