काळ्या जी-टेनची मूठ घासल्यावर राखाडी का पडते? (मिकार्टा आणि शिसवीबद्दलही विचारायचंय)

नवा_कारागीर:
नमस्कार मंडळी. तीन सुऱ्यांना मुठी बसवल्यात: एक काळ्या जी-टेनची, एक कॅनव्हास मिकार्टाची, एक शिसवी लाकडाची. तिन्हींना पितळी पिना आहेत. तिन्ही ४०० नंबरच्या वॉटर पेपरपर्यंत घासल्या. जी-टेन पाटीवर डस्टर फिरवल्यासारखा पांढुरका-राखाडी झालाय. तेलाचं बोट फिरवलं की काळा दिसतो, पुसून धुतला की परत तसाच. मिकार्टा ठीक वाटतोय. शिसवीला जवसाचं तेल लावलंय, पण ते अजून हाताला चिकटतं. आता तिन्ही बफवर (पॉलिशच्या फिरत्या कापडी चाकावर) धरून चकचकीत करून टाकू का? सुऱ्या रोज वापरायच्या आहेत, कपाटात मांडायच्या नाहीत.

रंधा:
रोज वापरायच्या असतील तर तिन्हींना एकच बफ नको. चकाकीची हौस पात्यावर भागवा. मूठ ओल्या हातात कशी बसते ते आधी बघा.

जी-टेन म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड आणि एपॉक्सी (कडक होणारं रेझिन). रंग असतो तो एपॉक्सीत. काच स्वतः रंगहीन. पेपर फिरवला की धाग्यांची टोकं तुटतात, वर बारीक ओरखडे पडतात आणि त्यांच्यावर उजेड विखुरतो, म्हणून राखाडी. तेल त्या ओरखड्यांत भरतं आणि विखुरणं थांबतं, म्हणून तेवढ्यापुरता काळा. तो आत तेल पीत नाही, त्यामुळे कितीही चोळलंत तरी टिकणार नाही. खरा काळा हवा असेल तर ६००, ८००, १००० असं चढत जा, प्रत्येक वेळी आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण जाऊ द्या. मूठ पाण्याने ओली करून बघा. तेव्हा दिसतो, साधारण तोच रंग पॉलिशनंतर मिळतो. मी स्वतः मात्र ४०० वर थांबतो आणि राखाडी चालवून घेतो. गुळगुळीत जी-टेन साबणाच्या हातात फार सरकतो.

आणि हो, जी-टेन कोरडा घासू नका. काचेची धूळ आहे ती. पाणी धरून घासा, तोंडाला चांगला रेस्पिरेटर लावा, नुसता रुमाल नको.

मिकार्टाची गोष्ट उलटी. फिनॉलिक रेझिनमध्ये दाबलेलं सुती कापड. तुमचा 'ठीक वाटतोय' म्हणजे ४०० ने विणीवरची लव बरीचशी गेली. परत २२० वर या. बोटाच्या टोकाने फिरून बघा, किंचित खरखरीत लागेल. त्या सुट्या धाग्यांना पाणी लागलं की ते फुगतात आणि पकड उलट वाढते. बफवर धरलात तर वरचं सगळं सपाट होऊन चकचकीत होईल, फोटोत झकास आणि हातात निसरडं. २२० वर ठेवल्याचा तोटा एवढाच की हाताचा घाम-तेल पिऊन तो गडद होत जातो. फिका मिकार्टा असेल तर डागही दिसतात. मला ते आवडतं, ज्यांना नाही आवडत त्यांनी गडद रंग घ्यावा.

शिसवीत स्वतःचंच तेल असतं आणि ते वरून लावलेल्या तेलाला सुकू देत नाही. त्यात तुमचं जवसाचं तेल कच्चं असेल तर ते एरवीही आठवडे घेतं. चिकट थर कापडावर ॲसिटोन घेऊन पुसा, कापडावर लाकडाचा रंग उतरला तर घाबरू नका. मग ओलसर फडक्याने मूठ पुसा, वाळू द्या, उभे राहिलेले रेषे ४०० ने हलके कापा. हे दोनदा केलंत की पुढे पाणी लागल्यावर मूठ खरखरीत होणार नाही. त्यावर सुकण्यासाठी तयार केलेलं 'बॉइल्ड' जवसाचं तेल अगदी पातळ लावा आणि जे वर दिसेल ते सगळं पुसून टाका. बुडाकडच्या आडव्या कापावर मात्र दोन हात जास्त द्या, पाणी तिथूनच शिरतं.

धातूप्रेमी:
धातूच्या मुठीवालेही वाचत असतील म्हणून लिहितो. टायटॅनियमच्या ॲनोडाइझिंगमध्ये, म्हणजे विजेने वर ऑक्साइडचा थर चढवण्यात, रंगद्रव्य नसतं. ऑक्साइडच्या थराच्या जाडीमुळे रंग दिसतो आणि जाडी व्होल्टेजवर ठरते. २५-३० व्होल्टच्या आसपास निळा. थर इतका पातळ की खिशात किल्ल्यांबरोबर राहिला की कडांवरून उडतोच. खाली स्टोनवॉश (खड्यांबरोबर घोळवून आणलेला ओरखड्यांचा पोत) असेल तर ओरखडे त्यात मिसळून जातात, नुसत्या बीड-ब्लास्टवर (बारीक मणी मारून केलेल्या मंद पृष्ठभागावर) प्रत्येक ओरखडा चमकतो. ॲल्युमिनियमचं हार्ड ॲनोडाइझिंग बरंच टणक, पण थर ५० मायक्रॉन धरला तर साधारण निम्मा बाहेरच्या बाजूला वाढतो. म्हणजे पिव्हटचं (घडीच्या सुरीचं पातं ज्या खिळीवर फिरतं तिचं) भोक व्यासात ०.०५ मिमी आवळतं. भोक आधीच तेवढं मोठं ठेवा.

सुपरग्लूवाला:
शिसवीवर सुपरग्लूचे पातळ थर चढवून बफ केलं तर? तेल सुकायची कटकटच नको. लाकडी पेनवर तर काचेसारखं दिसतं.

रंधा:
पेन खाली पडतो क्वचित, सुरी सिंकमध्ये आपटते रोज. तो थर कडक असतो. ठोकर लागली की कडेला चीर जाते, चिरेतून पाणी शिरतं आणि आतल्या लाकडावर ढगासारखा डाग उठतो. मग दुरुस्ती म्हणजे सगळं खरवडून पहिल्यापासून. तेलाच्या मुठीला ओरखडा गेला तर तेवढंच घासून बोटभर तेल लावायचं. स्टॅबिलाइझ्ड लाकूड असतं तर मी तेलही लावू नका म्हटलं असतं, कारण त्याच्या छिद्रांत आधीच रेझिन असतं आणि तेल वरच चिकटून बसतं. तिथे ८०० पर्यंत पेपर आणि हलका बफ पुरे.

नवा_कारागीर:
धन्यवाद! जी-टेन ओला करून पाहिला, एकदम काळाभोर. ८०० पर्यंत जाईन म्हणतो. शिसवी ॲसिटोनने पुसली, कापड जांभळट झालं. एक शंका: पितळी पिना लाकडापेक्षा किंचित वर लागतात, नखाला अडकतात. त्या बफवर बसतील का?

रंधा:
बफवर उलट जास्त वर येतील. बफ मऊ असतो, लाकूड खातो आणि पीन सोडतो. पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून सपाट घासा, पेपर नवा असू द्या. बोथट पेपर पितळ तापवतो, आणि खोलीच्या तापमानाला सुकणाऱ्या बऱ्याच एपॉक्सी ५०-६० अंशांलाच मऊ पडायला लागतात. पीन बोटाला कोमट लागली की थांबायचं. दर थोड्या वेळाने ब्रशने पितळेची पूड झाडा, नाहीतर ती लाकडाच्या छिद्रांत बसते आणि वर तेल लावलंत की कायमची तिथेच. शिसवीत फारसं दिसत नाही, फिक्या लाकडात मात्र पिनेभोवती मळकट वर्तुळ उठतं.

तेलाची फडकी चुरगळून डब्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. बाहेर मोकळं पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.