चिनी वस्त्यांतील मुलांच्या टोळ्या १९६५ नंतरच का उभ्या राहिल्या?

निपाणीकर:
बेळगावच्या आमच्या वाचक मंडळात पुढच्या महिन्यात मला अमेरिकेतील स्थलांतरितांवर बोलायचे आहे आणि तयारी करताना एका ठिकाणी गाडी अडली आहे. सोन्याच्या शोधात चिनी माणसे १८४९ पासून कॅलिफोर्नियात येत होती आणि ‘टोंग’ नावाच्या त्यांच्या गुप्त मंडळांच्या मारामाऱ्या एकोणिसाव्या शतकातच गाजल्या होत्या. तरीही सॅन फ्रान्सिस्कोतील ‘वा चिंग’ किंवा न्यूयॉर्कमधील ‘घोस्ट शॅडोज’ यांसारख्या कोवळ्या पोरांच्या टोळ्या १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनच का दिसू लागतात? गरिबी हे कारण मला पटत नाही, कारण ती आधीही होतीच.

खानापूरवाला:
सर, आपली शंका रास्त आहे आणि उत्तर साधे आहे: आधी त्या वस्त्यांत मुलेच फारशी नव्हती. १८७५ च्या पेज कायद्याने चिनी स्त्रियांना येणे जवळपास अशक्य झाले, १८८२ च्या कायद्याने मजुरांवर बंदी आली आणि १८९० च्या जनगणनेत एका चिनी स्त्रीमागे सुमारे २७ चिनी पुरुष निघाले. अशा एकट्या पुरुषांसाठी जुगार आणि अफूचे अड्डे चालवणे हा टोंगांचा धंदा होता, आणि त्यांचे मारेकरीही प्रौढच असत. १९४३ साली बंदी उठली, पण कोटा ठेवला वर्षाला अवघ्या १०५ जणांचा. १९६५ च्या कायद्याने कुटुंबे येऊ लागली, तेव्हा कुठे हाँगकाँगहून आलेला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा त्या गल्ल्यांत मोठ्या संख्येने दिसू लागला. आई शिवणकामाच्या कारखान्यात, बाप हॉटेलच्या भटारखान्यात, दोघेही रात्री उशिरा परतणार. आणि अमेरिकेतच जन्मलेली चिनी मुले याच्या बोलण्याची टर उडवणार. टोंगांना अड्ड्यांवर राखणदार हवेच होते. न्यूयॉर्कमध्ये मॉट स्ट्रीटवर ऑन लिओंग टोंगच्या आसऱ्याने घोस्ट शॅडोज, तर पेल स्ट्रीटवर हिप सिंग टोंगच्या आसऱ्याने फ्लाइंग ड्रॅगन्स, अशी वाटणी झाली. अल्पवयीन आरोपीची शिक्षा हलकी असते, हा हिशेबही त्यामागे होता.

कडोलीकर:
एक भर घालतो. आपल्याला टोळीत आणणाऱ्या म्होरक्याला ही मुले कँटोनीजमध्ये ‘दाय लो’, म्हणजे थोरला भाऊ, म्हणत. आपला ‘दादा’ घरातही असतो आणि चौकातही, त्यामुळे श्रोत्यांना हे फोड करून सांगावे लागणार नाही. हा थोरला भाऊ आधी जेवू घाली, झोपायला खोली देई, आणि मग एके दिवशी दुकानदाराकडे पाठवी. दुकानदार सणासुदीला शकुनाचे पैसे घालतात त्याच लाल पाकिटात खंडणी घालून देई. वरून पाहणाऱ्याला तो रिवाजच वाटावा.

निपाणीकर:
हे पटले. पण मग शाळेने या मुलांना का धरून ठेवले नाही?

सीमाभागातील शिक्षिका:
त्याचे उत्तर ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ या खटल्यात सापडते. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांत इंग्रजी न येणारे २,८५६ चिनी विद्यार्थी होते. त्यांपैकी सुमारे १,००० जणांना इंग्रजीची जादा शिकवणी मिळे आणि सुमारे १,८०० जणांना काहीच मिळत नसे. समान पुस्तके आणि समान शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असे नव्हे, असा एकमुखी निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २१ जानेवारी १९७४ रोजी दिला. मी स्वतः सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकून आठवीला शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेले. विज्ञानाच्या तासाला फळ्यावरची अक्षरे मी चित्रासारखी उतरवून घेत असे आणि पहिले चार महिने शेवटच्या बाकावर तोंड उघडले नाही. मात्र भाषेवर सगळे खापर फोडू नये, कारण त्या १,८०० मुलांपैकी बहुतेक जण टोळीत गेले नाहीत.

खानापूरवाला:
बाईंशी सहमत आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी वस्तीतील गोल्डन ड्रॅगन उपाहारगृहातील गोळीबाराचा उल्लेख मात्र अवश्य करावा. ४ सप्टेंबर १९७७ च्या पहाटे ‘जो बॉईज’ टोळीची पोरे ‘वा चिंग’च्या माणसांना शोधत आत शिरली, ५ जण ठार आणि ११ जखमी झाले, आणि मेलेल्यांत टोळीतला एकही नव्हता. दोन महिन्यांपूर्वी, ४ जुलैच्या फटाक्यांच्या विक्रीवरून झालेल्या गोळीबाराचा तो सूड होता. त्यानंतर शहराच्या पोलिसांनी टोळ्यांसाठी खास पथक उभे केले.

निपाणीकर:
आभारी आहे. मी गोल्डन ड्रॅगनपासून सुरुवात करणार होतो. आता १८९० च्या जनगणनेपासून करीन. व्याख्यानाची तारीख ठरली की इथेच कळवतो.